खेड्यातल्या मंडळीला कारभार कसा सांगावा : नव्या पाळकांसाठी

सेमिनरीत उपदेशशास्त्र शिकवतात, मंडळीचा इतिहास शिकवतात. गावात चार्ज घेतल्यावर पहिल्याच महिन्यात जो प्रश्न येतो तो मात्र कोणत्याच पेपरात नसतो : "पास्टर साहेब, कंपाउंडच्या भिंतीचं काय झालं?" भिंतीचा विषय कमिटीत झालेला असतो. काहीतरी ठरलेलंही असतं. पण मंडळीला कोणी सांगितलेलं नसतं, आणि तोवर पानठेल्यावर त्याच्या तीन वेगवेगळ्या हकिगती तयार असतात. एकीत तुम्ही पैसे खाल्लेले असतात.

यवतमाळ, बुलडाणा, अमरावती, वर्धा, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतल्या खेड्यांत पहिल्यांदा नेमणूक झालेल्या पाळकांसाठी हे लिहितो आहे. माझा आग्रह एवढाच आहे की मंडळीची बातमी पानठेल्याआधी मंडळीकडूनच कळावी. त्यात तीन गोष्टी असाव्यात : काय ठरलं, कोणी ठरवलं, आणि काय अजून ठरलेलं नाही. तिसरी नेहमी राहून जाते, आणि अफवा तिथूनच सुरू होते.

पहिली पायरी : आपली मंडळी कोणत्या व्यवस्थेत बसते ते पाहा

विदर्भात एका तालुक्यात चार तऱ्हेच्या मंडळ्या भेटतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा पंथांच्या एकत्रीकरणातून उभी राहिली. तिच्यात गावपातळीला मंडळीची पास्टोरेट कमिटी, वर डायोसिस म्हणजे धर्मप्रांत आणि त्याचे बिशप, त्याही वर सिनॉड म्हणजे सगळ्या चर्चची सर्वोच्च सभा. अकोला-बुलडाणा-अमरावती पट्ट्यात अलायन्स मिशनच्या जुन्या मंडळ्या आहेत. तिथे स्थानिक पंचांच्या शब्दाला वजन असतं. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट आहेत, त्यांच्या नेमणुका कॉन्फरन्सच्या, म्हणजे पंथाच्या वरच्या परिषदेच्या हाती. कॅथलिक पॅरिशमध्ये, म्हणजे त्यांच्या स्थानिक मंडळीत, पॅरिश कौन्सिल फादरना सल्ला देतं, पण फायनान्स कौन्सिल प्रत्येक पॅरिशला असलंच पाहिजे असा त्यांचा कायदा आहे. शिवाय अलीकडे उभ्या राहिलेल्या स्वतंत्र मंडळ्या आहेत, ज्यांचा ट्रस्ट कधीकधी एकाच घरातल्या माणसांचा असतो. (असा ट्रस्ट असेल तर पुढचं सगळं दुप्पट काळजीनं वाचा.)

हे माहीत असण्याचा उपयोग असा की कोणता निर्णय कुठे होतो ते तुम्ही पहिल्या दिवसापासून नीट सांगू शकता. रंगरंगोटी, पत्र्याची दुरुस्ती, शब्बाथशाळेची वेळ हे कमिटी ठरवते. पाळकाची बदली वरून होते. जमिनीचा व्यवहार ना तुमच्या हातात, ना कमिटीच्या. एका कागदावर तीन रकाने पाडा : "गावात ठरतं", "वर ठरतं", "सरकारी परवानगी लागते". कागद दारामागच्या नोटीस बोर्डावर लावा. निम्मी भांडणं चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारल्यामुळे होतात. हा कागद त्यांतली बरीच वाचवतो.

दुसरी पायरी : कपाट उघडा

चार्ज घेताना आधीच्या पाळकांकडून किंवा सचिवांकडून काय काय मिळालं याची यादी करा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. लाजू नका. "आपल्यातच कशाला लिहायचं" असं म्हणणारे भेटतील, आणि दोन वर्षांनी रजिस्टर कुठे गेलं हे तुम्हालाच विचारणारेही तेच असतील.

पाहायचे कागद : मंडळीची किंवा ट्रस्टची घटना, धर्मादाय कार्यालयातला शेड्यूल एकचा उतारा, ज्यात नोंदणीकृत विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता असते, इतिवृत्ताची वही, मागच्या काही वर्षांचे ऑडिट, बँकेचं पासबुक, जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची रजिस्टरं, सभासद यादी.

शेड्यूल एकच्या उताऱ्यावर जरा थांबा. पुष्कळ ठिकाणी त्यावर कबरस्तानात निजलेल्या माणसांची नावं अजून विश्वस्त म्हणून असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षं दिला गेला नसेल तर आजची कमिटी गावाच्या दृष्टीनं खरी, पण कागदावर कच्ची असते. हे मंडळीला सांगावं का? सांगावं, पण आधी वकिलाला आणि वरच्या कार्यालयाला विचारून, काय करायचं ते हातात घेऊन. नुसती अडचण सांगून लोकांना घरी पाठवलं तर रात्रीपर्यंत "चर्च बंद होणार" इथवर मजल जाते.

जमिनीचंही तसंच. मिशनच्या काळातल्या बऱ्याच जागा स्थानिक मंडळीच्या नावावर नसतात, पंथाची मालमत्ता सांभाळणाऱ्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर असतात. शहराकडच्या काही जागा नझूलच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या पट्ट्यावर आहेत आणि पट्ट्याला मुदत असते. कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला, किंवा शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जागा वा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे एक वाक्य तुम्हाला पाठ असलं म्हणजे झालं. रस्त्याकडेची जागा दुकानाला "तोंडी" द्यायचा आग्रह धरणारा एखादा भला माणूस प्रत्येक मंडळीत असतो.

तिसरी पायरी : कोण कसं ऐकतं ते समजून घ्या

रविवारी चर्चमध्ये सांगितलं म्हणजे सगळ्यांना कळलं, असं खेड्यात होत नाही. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला की पेरणी; सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन; पुढे जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी. मजुरीला जाणाऱ्या बाया रविवारीही शेतात असतात, कारण त्या दिवसांत मजुरीचा भाव चढा असतो. मेळघाटाकडची कुटुंबं कामासाठी महिनोन्‌महिने बाहेर असतात. मुलं पुण्याला किंवा नागपूरला कंपनीत. आता एखादी सभा ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी ठेवली आणि बारा माणसं आली, तर त्यात लोकांचा निरुत्साह नाही. तारीख चुकली. नंतर एखादी मावशी म्हणेलच : "सांगतलं असतं त आलो असतो ना बाप्पा, आमाले कोनं सांगतलं?"

म्हणून एकाच बातमीसाठी तीन वाटा ठेवा. रविवारची सूचना, दारावरचा कागद आणि घरोघरी सांगणारं माणूस. प्रेषितांची कृत्ये पंधराव्या अध्यायात यरुशलेमच्या सभेचा निर्णय अंत्युखियाला कळवायचा होता तेव्हा त्यांनी पत्रही दिलं आणि तेच तोंडी सांगायला यहूदा आणि सीला यांनाही पाठवलं. पत्र वाचता न येणारे होते, आणि पत्रावर शंका घेणारेही असणार. आजही दोन्ही लागतं.

घरोघरी सांगणारं माणूस म्हणजे बहुतेक ठिकाणी महिला मंडळ. गुरुवारच्या किंवा शुक्रवारच्या घरगुती प्रार्थनेत ज्या बाया जमतात, त्यांना वस्तीतल्या प्रत्येक चुलीची खबर असते. अध्यक्षाबाईंना सूचना लिहून द्या आणि त्यांच्यासमोर एकदा वाचून घ्या, म्हणजे शब्द बदलणार नाहीत. त्यांना सभेआधी सांगा, सभेनंतर नव्हे. बायकांच्या मंडळाला नुसतं चहा-नाश्त्याच्या तयारीपुरतं कळवायचं ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि तिची किंमत कमिटीला ठरावाच्या वेळी मोजावी लागते.

नोटीस बोर्ड नसेल तर पहिल्या महिन्यात करून घ्या. पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी, दाराच्या आतल्या बाजूला. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातही पाळकाकडे आलेली लग्नाची नोटीस चर्चमध्ये सहज दिसेल अशा ठिकाणी लावायला सांगितलं आहे, तेव्हा बोर्ड तसाही लागतोच. अक्षर मोठं ठेवा. चष्मा घरी विसरून येणाऱ्या काकांना उभ्यानं वाचता आलं पाहिजे.

चौथी पायरी : कमिटीची सभा झाली की त्याच रात्री गोषवारा लिहा

इतिवृत्ताची वही सचिव लिहितात. पानांना क्रमांक हवेत, मध्ये कोरी जागा नको, ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं हवीत, आणि पुढच्या सभेत ते वाचून कायम झालं पाहिजे. एवढं बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते असं की इतिवृत्त जसंच्या तसं मंडळीपुढे वाचायचं नसतं. कोण कोणाला काय बोललं ते वहीतही नको आणि बाहेरही नको. मंडळीसाठी वेगळा, अर्ध्या पानाचा गोषवारा लागतो. तो सभा संपल्यावर, माणसं उठायच्या आत, कमिटीला वाचून दाखवा. "हे रविवारी सांगतो, चालेल ना?" एकदा सगळे हो म्हणाले की नंतर "मी असं म्हटलंच नव्हतं" हा सूर निघत नाही.

नमुना देतो. आकडे उदाहरणापुरते.

"मंडळीला सलाम. शुक्रवारी कमिटीची सभा झाली. नऊपैकी सात सभासद हजर होते. दोन गोष्टी ठरल्या. पहिली, वेदीच्या बाजूचे पत्रे गळतात ते पावसाळ्याआधी बदलायचे. दोन कोटेशन आली होती, कमी दराचं घेतलं. खर्च ३२,००० रुपये, इमारत निधीतून. काम मे महिन्यात होईल. दुसरी, शब्बाथशाळा आता सकाळी आठला. जे ठरलं नाही ते असं : कंपाउंडच्या भिंतीचा विषय झाला. मोजणी झाल्याशिवाय भिंत घालू नये असं मत पडलं. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज सचिव देतील. त्यापुढची माहिती महिनाअखेरच्या रविवारी सांगू. कोणाला काही विचारायचं असेल तर उपासनेनंतर खजिनदार आणि मी इथेच थांबतो."

यात विशेषणं नाहीत हे पाहा. "कमिटीने मोठ्या मेहनतीने" नाही, "प्रभूच्या कृपेने एकमताने" तर अजिबात नाही, कारण एकमत नसेल तर विरोध करणारे दोघं तिथेच तिसऱ्या बाकावर बसलेले असतात. आणि पुढची तारीख दिली आहे. ती पाळायची. काही झालं नसलं तरी त्या रविवारी उभं राहून सांगायचं : "अर्ज दिला, मोजणीची तारीख अजून आलेली नाही."

पाचवी पायरी : रविवारी कुठे उभं राहून सांगायचं

कारभाराची सूचना पुल्पिटवरून, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरून देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पुल्पिटवरून बोललेलं वचनाच्या जोडीला जाऊन बसतं. मग त्यावर प्रश्न विचारणारा माणूस अधर्मी वाटू लागतो. खाली उतरा, पहिल्या बाकाशी उभे राहा, हातात कागद घ्या. हे बदललेलं स्थान लोकांना लगेच कळतं.

वेळ उपदेशाच्या आधीची. अर्पणाच्या वेळी नको, पैसे मागितल्यासारखं होतं. आशीर्वादाच्या तोंडावर तर नकोच; तेव्हा म्हाताऱ्या बायांचं लक्ष चपलांकडे आणि पोरांचं जेवणाकडे. पाच मिनिटांत संपवा. त्याहून मोठा विषय असेल तर उपासनेनंतर वेगळी बैठक ठेवा आणि चहा सांगा. चहा असला की माणसं थांबतात, यात कमीपणा काही नाही.

एक पथ्य कसोशीनं पाळा. शनिवारी कोणाशी वाद झाला म्हणून रविवारच्या उपदेशात त्याला टोमणा मारू नका. गाव लहान असतं. कोणाला लागला ते सगळ्यांना कळतं, आणि त्यानंतर तुमच्या प्रत्येक सूचनेत लोक टोमणाच शोधतात.

बाया भर सभेत, सासऱ्यासमोर किंवा दिरासमोर, प्रश्न विचारत नाहीत. त्यांना वाटत नाही असं नव्हे. महिला मंडळाच्या प्रार्थनेनंतर महिन्यातून एकदा खजिनदारांना घेऊन बसा आणि तोच गोषवारा तिथे पुन्हा सांगा. हिशेबातले सगळ्यात नेमके प्रश्न मला तिथे ऐकायला मिळतात : "सतरंज्या दोन आल्या, बिल तिनाचं कसं?"

सहावी पायरी : पैसा

इथे जरा जास्त वेळ देतो, कारण मंडळीचा विश्वास बसतो किंवा उडतो तो इथेच. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल देणगी एकटा नेत नाही, सोबत माणसं घेतो. कोणी दोष लावू नये आणि माणसांच्या दृष्टीनेही जे चांगलं ते व्हावं म्हणून. आपणही तेच करायचं आहे.

अर्पणाची पेटी उपासना संपताच तिथल्या तिथे, टेबलावर, दोन माणसांनी मोजायची. दोघं एकाच घरातले नकोत. वहीत रक्कम अंकी आणि अक्षरी, खाली दोघांच्या सह्या. पाळकानं पैशाला हात लावू नये, मोजतानाही नाही. सोमवारी किंवा तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी बँकेत भरणा. भरण्याआधी त्यातून "तातडीचा" खर्च करायचा नाही. विजेचं बिलसुद्धा आधी भरणा, मग चेकनं किंवा ऑनलाइन.

क्यूआर कोड लावला असेल तर तो ट्रस्टच्या किंवा मंडळीच्या खात्याचाच हवा. पाळकाच्या मोबाइल नंबरवर अर्पण घेणं आज सोयीचं दिसतं. उद्या तुमच्या खात्यात मुलाची फी, किराणा आणि दशमांश यांची अशी खिचडी होते की प्रामाणिक माणसालाही हिशेब देता येत नाही.

खेड्यातल्या मंडळीचं उत्पन्न नुसतं पैशात नसतं. मूठभर धान्य साठवून आणणाऱ्या बाया असतात. हंगामाच्या सणाला ज्वारीची कणसं, तूर, कापूस, भोपळे, अंडी, कोंबड्या वेदीपुढे येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. या लिलावात रंगत असते. एकच भोपळा घेणारा पुन्हा अर्पण करतो आणि तो तीनदा विकला जातो. गडबड पुढे होते. बोली उधारीवर लागते, "कापूस विकला की देतो" म्हणून. म्हणून लिलावाच्या वेळी एक माणूस फक्त लिहायला बसवा : वस्तू, घेणारा, बोली, रोख की बाकी. संध्याकाळी एकूण बोली आणि हातात आलेली रक्कम हे दोन वेगळे आकडे सांगा. एकच मोठा आकडा जाहीर केला तर डिसेंबरात खजिनदाराच्या मागे लागतात की बाकीचे कुठे गेले. कोणाची बाकी किती, हे मात्र बोर्डावर लावायचं नाही. त्या माणसाला कापसाला भाव मिळाला नसेल.

महिन्याचा हिशेब बोर्डावर पाच ओळींत पुरतो : मागची शिल्लक, या महिन्याची जमा, या महिन्याचा खर्च, आजची शिल्लक, आणि त्यातली किती रक्कम कोणत्या निधीसाठी राखून ठेवलेली. शेवटची ओळ विसरू नका. खात्यात दीड लाख दिसतात म्हणून लोक साउंड सिस्टिम मागतात, आणि त्यातले सव्वा लाख इमारतीचे असतात. खाली खजिनदाराची सही आणि तारीख.

वर्षाचे हिशेब ३१ मार्चला बंद होतात आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत ऑडिट व्हायला हवं. तालुक्याच्या सीएकडे एप्रिलमध्येच बिलं नेऊन द्या. सप्टेंबरात त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो.

परदेशी पाहुणे आले आणि त्यांनी प्रेमानं हातावर काही ठेवलं तर? एफसीआरए, म्हणजे परदेशी योगदानाच्या कायद्याखालची नोंदणी नसेल तर घ्यायचं नाही. परदेशी नागरिकानं रुपयांत दिलं तरी ते परदेशी योगदानच ठरतं. नोंदणी असेल तरी ती रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. आपला भारतीय पासपोर्टवाला मुलगा दुबईहून घरच्या चर्चला पाठवतो ते यात येत नाही, पण ते बँकेमार्फत आणि पावती देऊनच घ्या. हे नियम मंडळीला एकदा जाहीरपणे समजावून सांगा, नाहीतर नकार दिल्याचा दोष तुमच्यावर येतो.

सातवी पायरी : व्हॉट्सअ‍ॅप

दोन ग्रुप करा. एक "सूचना", ज्यात फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील अशी सेटिंग. दुसरा गप्पा, वाढदिवस आणि वचनांसाठी. एकाच ग्रुपवर दोन्ही चालवलं तर सभेची नोटीस शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जाते. सूचना ग्रुपला तीन अ‍ॅडमिन हवेत : पाळक, सचिव आणि महिला मंडळातलं कोणीतरी. पाळकाची बदली झाली की त्याच दिवशी अ‍ॅडमिन बदलायचा.

ब्रॉडकास्ट लिस्ट वापरणार असाल तर लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच तो मेसेज जातो. साध्या बटणाच्या फोनवाल्यांची वेगळी यादी करा आणि त्यांना फोन करायचं काम तरुण संघाला वाटून द्या, प्रत्येकाला पाच-सहा घरं.

ग्रुपवर काय टाकू नये, ते अधिक महत्त्वाचं. आजारपणाची प्रार्थना-विनंती टाकण्याआधी घरच्यांना विचारा. "अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा, तिसऱ्यांदा तसंच झालं" असा मेसेज तिच्या माहेरी पोचलेला असतो. सभासद यादीचा फोटो नको. शिस्तीच्या प्रकरणात कोणाचंच नाव नको. उपासनेला नव्यानं येणाऱ्यांचे फोटो आणि व्हिडिओ तर मुळीच नकोत. फॉरवर्ड झालेली गोष्ट कोणाच्या हातात जाईल आणि तिचा काय अर्थ लावला जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. मुलांच्या फोटोला आई-वडिलांची परवानगी.

मृत्यूची बातमी मात्र आधी घंटेनं, मग फोननं, मग ग्रुपवर. दफनाची वेळ आणि कबरस्तानाची वाट स्पष्ट लिहा, कारण बाहेरगावचे पाहुणे एसटीनं येतात.

आठवी पायरी : वार्षिक सभा आणि निवडणूक

नोटीस किती दिवस आधी, गणसंख्या किती, मतदानाचा हक्क कोणाला, हे प्रत्येक घटनेत वेगळं असतं. आपली घटना काढा आणि त्याप्रमाणेच जा. शेजारच्या मंडळीत कसं करतात ते इथे चालत नाही.

उन्हाळ्यात सभा ठेवावी लागली तर संध्याकाळी ठेवा. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली माणूस बसू शकत नाही, आणि ज्याला घरी जायची घाई आहे तो कशालाही हात वर करतो. नोटिशीत विषय मोकळेपणानं लिहा. "इतर विषय" या नावाखाली मोठा ठराव आणू नका.

निवडणुकीचं भांडण मतदानाच्या दिवशी होत नाही, यादीवरून होतं. वर्गणी थकलेली, पुण्याला राहणारा, दुसऱ्या मंडळीत जाऊ लागलेला, लग्न होऊन आलेली सून, यांची नावं यादीत आहेत की नाहीत? कच्ची यादी आधी बोर्डावर लावा, हरकतीसाठी शेवटची तारीख द्या, हरकतींवर कमिटीचा निर्णय लेखी घ्या, मग पक्की यादी लावा. वर्गणी भरायची शेवटची तारीख महिना-दीड महिना आधी, सलग काही रविवार सांगा. शेवटच्या दिवशी एकानं वीस जणांची वर्गणी भरली तर ती घ्यायची की नाही, हेही आधीच ठरलेलं असावं.

प्रेषितांची कृत्ये सहाव्या अध्यायात विधवांच्या वाटपावरून कुरकूर झाली तेव्हा प्रेषितांनी सगळ्या शिष्यांना बोलावून त्यांनाच सात जण निवडायला सांगितलं. कुरकूर ऐकणं आणि निवड मंडळीवर सोपवणं, ही त्यातली काढून घेण्याजोगी गोष्ट. पाळकानं कोणाचा प्रचार करू नये. ज्याच्या घरी जेवतो त्याचाही नाही. पाळकीणबाईंनीही नाही, हे त्यांना तुम्हीच सांगा.

निकाल लागला की नवी नावं बोर्डावर, आणि चेंज रिपोर्ट कोण दाखल करणार त्याचं नाव इतिवृत्तात. ९० दिवस बघता बघता जातात.

नववी पायरी : वाईट बातमी

कोर्टात केस सुरू असेल तर एवढंच सांगायचं : केस कशाबद्दल आहे, कोणत्या कोर्टात आहे, पुढची तारीख कधी, वकील कोण. बाजू मांडायचं काम वकिलाचं. हिशेबात तफावत निघाली तर रक्कम आणि तपासणारी माणसं सांगा, तपास पूर्ण होईपर्यंत नाव घेऊ नका. गावाला नाव आधीच माहीत असेल, तरीही तुम्ही घेऊ नका. वरच्या कार्यालयाचा निर्णय तुम्हाला पटला नसेल तर पत्र जसं आलं तसं वाचा आणि विरोधाचं पत्र कमिटीच्या ठरावाने पाठवा. रविवारी त्यावर तोंडसुख घेऊ नका.

तुमच्या स्वतःच्या बदलीचं पत्र आलं की त्याच आठवड्यात, पुरतं, तारखेसह वाचून दाखवा. "बदली रद्द करा" म्हणून सह्यांची मोहीम सुरू झाली तर ती चर्चच्या लेटरहेडवर होऊ देऊ नका. आणि लगेच चार्ज लिस्ट करायला घ्या : किल्ल्या, रजिस्टरं, पासबुक, चेकबुक, सूचना ग्रुपचा अ‍ॅडमिन, क्यूआर कोड कोणत्या खात्याला जोडलेला आहे, लिलावाच्या बाकीची यादी, अर्धवट असलेली कामं आणि त्यांच्या पुढच्या तारखा. तीन प्रती काढा. एक नव्या पाळकाला, एक डायोसिस किंवा कॉन्फरन्सच्या कार्यालयाला, एक कपाटात. मोजणीच्या अर्जाची पोच तिसऱ्या प्रतीला टाचून ठेवा. नव्या पाळकाला पहिला प्रश्न भिंतीचाच येणार आहे.